पाकळीचा पीळ

“हल्ली दातकोरण्यासुद्धा बारीक करायला लागलेत मेले,” सासूबाई माझ्या अगदी कानाशी पुटपुटल्या. मेजावरच्या डबीतून त्यांनी एक दातकोरणी काढली होती आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवून तिचं टोक शोधत होत्या. दातकोरणी नेहमी असते तेवढीच होती. मी “हो ना आई” म्हटलं आणि पेजेवर आल्याचे काप टाकता टाकता माझा हात मधेच थांबला. कारण माझ्या सासूला, म्हणजे लामचियाकबाईंना, खाऊन झाल्यावर दात कोरायची सवय नाही. कोरण्यासारखे दातच मुळात फारसे उरलेले नाहीत. त्या दातकोरणी हातात घेतात ती एकाच कामासाठी, ऑर्किडच्या एका फुलातले पराग उचलून दुसऱ्या फुलात ठेवायला. आणि ते काम त्यांनी सहा वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी दातकोरणी ब्लाउजच्या खिशात टाकली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि शांतपणे पेज खायला लागल्या.

“हल्ली” हा शब्द आमच्या घरात कधी शिरला ते मी नक्की सांगू शकते. सहा-सात वर्षांपूर्वी सासूबाईंना पहिल्यांदा जाणवलं की हल्ली दिव्यांना पूर्वीसारखा उजेड नसतो. माझ्या नवऱ्याने, थावॉनने, एका महिन्यात तीनदा दिवे बदलले. मग हल्ली वर्तमानपत्राची शाई फिकी यायला लागली. माशात काटे जास्त व्हायला लागले. जिन्याच्या पायऱ्या, ज्या त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः बसवल्या होत्या, त्यासुद्धा हल्ली कमीजास्त उंचीच्या झाल्या. सगळं जगच हलक्या मालाचं निघालं होतं, आणि आम्ही घरातली तीन माणसं त्यांच्याबरोबर माना डोलवून जगाला नावं ठेवत होतो. माझी नणंद रंफा शहरात नोकरी करते. दर रविवारी येताना ती काहीतरी मोठं घेऊन यायची. मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, मोठ्या काट्यांचं घड्याळ. “स्वस्तात मिळालं,” म्हणायची. कुणासाठी ते कधी म्हणाली नाही. एकदा तिने आईला डोळे तपासायला नेलं, मीही गेले होते. बाहेरच्या बाकावर सासूबाई दरवाजाला कान लावल्यासारख्या बसल्या होत्या, आणि आत गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरचे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. त्यांच्या आधी आत गेलेल्या गृहस्थांनी मोठ्या आवाजात वाचले होते, तेच, त्याच क्रमाने. त्यांनी चुकवलेल्या जागी यांनीही चुकवलं. मग डॉक्टरीणबाई त्यांना डोळ्याच्या यंत्राशी बसवणार तेवढ्यात त्या उठल्या. “पाटी वाचली ना मी? आता काय पुस्तक वाचायला लावता?” परतताना टॅक्सीत रंफा खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या पिशवीच्या बंदाची गाठ सोडवत होते, जी कधी बसलीच नव्हती.

मी त्यांचं मनगट धरायला कधी लागले तेही मला माहीत आहे. पहाटे भिक्षू दारावरून जातात, सासूबाई चपला काढून त्यांच्या पात्रात भात वाढतात, चाळीस वर्षांचा नेम. एका सकाळी भाताचा डाव पात्राच्या वीतभर अलीकडे उपडा झाला. गरम भात भिक्षूंच्या अनवाणी पावलांवर पडला. ते तसेच उभे राहिले, डोळे खाली, एक अक्षर नाही, आणि सासूबाई हात जोडून आशीर्वादाची वाट पाहत राहिल्या. आशीर्वाद भिक्षूंनी पूर्ण म्हटला. दुसऱ्या दिवसापासून डाव त्यांच्या हातात आणि त्यांचं मनगट माझ्या हातात. आधार म्हणून नाही हं, भक्ती म्हणून, दोघींनी मिळून दान केलं की पुण्य वाढतं म्हणून. असं मीच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “बरं सुचलं तुला.” एवढंच.

आमची बाग म्हणजे कालव्याच्या काठची एक लांबट पट्टी, वर काळी जाळी, खाली पाणी साचलेले चर, आणि मधे टांगलेल्या हजारेक टोपल्या. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आजूबाजूला सगळ्याच बागा होत्या, आता दुपारी तीनला समोरच्या तीस मजली इमारतीची सावली आमच्या जाळीवर येते आणि सासूबाई म्हणतात, “हल्ली ढग फार लवकर येतात.” मी ईशान्येकडच्या भातशेतीतली. माझ्या माहितीत झाड म्हणजे जमिनीत उभं असतं. इथे पहिल्या दिवशी पाहिलं तर झाडं हवेत लोंबकळत होती आणि त्यांची मुळं हातभर खाली, कशालाही न धरता. मी हसले. सासूबाईंनी माझा हात धरून एका मुळावर ठेवला. “हे बघ, पांढरं आहे. म्हणजे तहान लागलीय. पाणी घालत राहायचं ते हे हिरवं होईपर्यंत. एकदा घातलं आणि पाठ फिरवली असं नाही. थांबायचं.” त्यांनी झारीचं पाणी सोडलं. चांदीसारखं पांढरं मूळ माझ्या डोळ्यांदेखत हिरवं होत गेलं, लाजऱ्या माणसाच्या कानाची पाळी लाल होते तसं, आणि मला वाटलं, हे कुणीतरी मला आधी का नाही दाखवलं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं मी त्या मुळांपाशी उभी राहून शिकले. आता त्यांना पांढरं-हिरवं कळत नाही, पण त्या अजूनही पाणी घालतात आणि अजूनही बरोबर थांबतात. गालाला मूळ लावतात. तहानलेलं मूळ कोमट लागतं म्हणे. आणि आवाज ऐकतात; कोरड्या मुळावरून पाणी वेगळं घसरतं. मी डोळे मिटून पुष्कळ वेळा प्रयत्न केला. मला पाण्याचा आवाज पाण्यासारखाच येतो.

बागेच्या कालव्याकडच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला एक झाड आहे, त्याला आम्ही फामुई म्हणतो. ते डोंगरातलं, थंड हवेचं, निळ्या फुलांचं. सासूबाईंचा भाऊ उत्तरेकडे ट्रक चालवायचा, त्याने त्यांच्या लग्नात आणून दिलेलं. आमच्या उकाड्यात ते एक वर्षही जगायला नको होतं. ते पन्नास वर्षं जगलं. उन्हाळ्यात सासूबाई दिवसातून पाच वेळा गोणपाट भिजवायच्या, थावॉन तान्हा असताना घरात एकच पंखा होता आणि दुपारी तो फामुईसमोर असायचा, हे तो अजून चारचौघांत सांगतो आणि त्या अजून म्हणतात, “तू रडून सांगू शकत होतास, ते सांगू शकत नव्हतं.” ज्या वर्षी हिवाळ्यात चार दिवस गारवा पडतो त्या वर्षी ते फुलतं. त्याच्या फुलाची एक खूण त्यांनी मला माझ्या पहिल्याच हिवाळ्यात शिकवली होती. “डोळे मीट. आता अंगठा घाल पाकळीच्या बुडाशी. काय लागतंय?” पाकळी बुडाशी पिळलेली होती, घाईत उलटी-सुलटी झालेल्या बाहीसारखी. “हा पीळ फामुईचा. हिच्या पोरांतही थोडा तरी उतरतोच. रंग फसवेल, पीळ फसवणार नाही.” त्यांच्या मनात एक फूल होतं. आमच्याकडच्या केशरी वांडाचा, म्हणजे उष्ण हवेतल्या ऑर्किडचा, काटकपणा घेतलेलं, उकाड्यात फुलणारं, आणि रंगाने दिवे लागायच्या वेळी कालव्याचं पाणी दिसतं तसं. निळं नाही, जांभळं नाही. त्या रंगाला नाव नाही. त्या नुसतं “ते” म्हणायच्या. “ते आलं की मी सुटले.”

सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात फामुई आणि केशरी दोन्ही एकदम फुलल्या. सासूबाई ठेंगण्या स्टुलावर बसल्या, मी शेजारी, हातात पेन्सिल आणि नावाची पट्टी. फुलाच्या मधोमध एक छोटी दांडी असते. तिच्या टोकावरची टोपी उचलली की परागाचे दोन पिवळे गोळे दातकोरणीला चिकटून येतात, मोहरीहून जरा मोठे. ते दुसऱ्या फुलाच्या दांडीखालच्या चिकट खळीत बसवायचे. त्याआधी त्या दुसऱ्या फुलाचे स्वतःचे पराग काढून टाकायचे, नाहीतर घरच्या घरीच लग्न लागतं. हे काम त्या आयुष्यभर इतक्या हलक्या हाताने करत आल्या होत्या की फुलाची मान हलायची नाही. त्या दिवशी त्यांनी फामुईचे पराग उचलले, केशरीकडे वळल्या, आणि मधल्या वीतभर हवेत ते गोळे दातकोरणीवरून सुटले. खाली टोपलीत भरलेल्या कोळशाच्या तुकड्यांवर पडले. मी पाहिले. पिवळे दोन ठिपके, काळ्या कोळशावर. त्यांनी रिकामी दातकोरणी केशरीच्या फुलाशी नेली, तिचे स्वतःचे पराग काढून टाकायला त्या विसरल्या होत्या, ते टोकाला चिकटले, आणि त्यांनी तेच, तिचेच तिला, खळीत नीट दाबून बसवले. मग दीर्घ श्वास सोडून म्हणाल्या, “लिही. केशरी आई, फामुई बाप. तारीख घाल.” माझं तोंड उघडलं होतं. मला वाटतं, मी “आई” असं म्हटलंही. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा नुकतीच परीक्षा पास झालेल्या मुलीसारखा दिसत होता. आणि मी लिहिलं. आमच्यात शाई वापरत नाहीत, शाई पाण्याने धुऊन जाते. पेन्सिल राहते.

त्यानंतरची सहा वर्षं मी त्या पट्टीबरोबर काढली. फूल कोमेजलं, त्याच्या मागे शेंग धरली, दहा महिने फुगत राहिली. आतलं बी म्हणजे पिठी, शिंक आली तर दोन लाख झाडं उडून जातील अशी. दारूच्या चपट्या बाटल्या वाफवून, त्यात केळं, बटाटा आणि शहाळ्याच्या पाण्याचा थिजवलेला गर घालून सासूबाईंनी ते बी पेरलं. प्यायला कुणी नसलेल्या घरात आमच्याएवढ्या दारूच्या बाटल्या अख्ख्या गल्लीत नव्हत्या. तीन महिन्यांनी काचेला हिरवा धूर चढला. धुराचे ठिपके झाले, ठिपक्यांना कान फुटले. वर्षाने बाटल्या फोडल्या. कोमट पाण्याच्या परातीत काडेपेटीच्या काडीएवढी रोपं एकमेकांच्या मुळांत गुंतून पडलेली, आणि सासूबाई डोळे मिटून (आता मिटले काय नि उघडे काय, पण त्या मिटायच्या) ती एकेक करून सोडवत होत्या. एवढ्या बारीक मुळांतून एकही तुटलं नाही. मी सोडवलेल्या दहांत तीन तुटायची. “तू बघतेस फार,” त्या म्हणाल्या, “हाताला बोलू दे की जरा.” मग ती काथ्यात गुंडाळून बोटभर कुंड्यांत, दोन वर्षांनी सागाच्या पट्ट्यांच्या टोपल्यांत. चारशेतली दीडशे जगली. घरच्या घरी लागलेल्या लग्नाची पोरं नाजूक असतात. मला कारण माहीत होतं, त्या हवेला दोष देत होत्या. दर टप्प्याला नवी पट्टी लिहावी लागते, आणि दर टप्प्याला मी लिहिली. केशरी आई, फामुई बाप. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी त्या एखाद्या रोपाची पात गालाला लावून म्हणायच्या, “ह्याला बोलावतेय मी, ऐकतंय बघ,” आणि मी पेन्सिलीला टोक काढायला उठायची. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची ती त्यांना राग येण्याची नव्हती. पराग पडले हे सांगायचं तर ते त्यांना दिसले कसे नाहीत तेही सांगावं लागलं असतं, आणि ते आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं.

आज पहाटे पाणी घालायला गेले तर दीडशेपैकी पहिलं फूल उमललेलं होतं. केशरी. थोडं मोठं, थोडं गडद, पण आपल्या आईसारखं केशरी, विटेच्या भुकटीसारखे बारीक ठिपके असलेलं. मला माहीत होतं तरी मी तिथे उभी राहिले. खरंच सुंदर होतं ते, आणि त्याचा काही गुन्हा नव्हता. मग मी गोणपाटाआड फामुईकडे गेले. तिचा खालचा दांडा यंदा पावसाळ्यापासून काळा पडत चाललाय, बोटाने दाबलं तर ओल येते. तरी तिने तुरा काढला होता, तीन फुलं, निळी. यापुढे ती काढणार नाही हे मला कळत होतं, आणि तो काळा दांडा सासूबाईंच्या बोटांनाही लागला असणारच. म्हणून ती दातकोरणी.

न्याहारी संपते न संपते तोच रंफा तळलेल्या पावाची पिशवी घेऊन आली, आणि आम्ही चौघं बागेत गेलो. थावॉन पुढे होता. फुलापाशी पोचल्यावर त्याने पट्टी वाचली, फुलाकडे पाहिलं, पुन्हा पट्टी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“आई,” तो म्हणाला, “आलं गं! अगदी तू म्हणायचीस तसं. कालव्याच्या पाण्याचं, दिवे लागायच्या वेळचं.”

“खरंच?” सासूबाई म्हणाल्या.

“खरंच तर! रंफा, तू सांग.”

रंफाने फुलाकडे पाहिलं. तिच्या हातातली पिशवी करकरली. “माझ्या त्या रेशमी सदऱ्यासारखं आहे आई,” ती म्हणाली, “तो नाही का, मी मंदिरात घालते तो. तस्सं.”

“तुझा तो सदरा जांभळा आहे,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तुला घट्ट होतो.”

“त्याहून थोडं निळं,” रंफा म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. सासूबाईही हसल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी सवयीने त्यांचं मनगट धरून फुलापाशी नेलं. त्यांनी आधी वास घेतला. मग अंगठा पाकळीच्या बुडाशी घातला, डावीकडच्या, मग उजवीकडच्या. पाकळी सपाट होती, इस्त्री केलेल्या रुमालासारखी. अंगठा तिथे थांबला. पुन्हा डावीकडे गेला. पुन्हा थांबला. माझ्या बोटांखाली त्यांच्या मनगटाची नाडी लागत होती आणि ती अजिबात वाढली नाही. तेव्हा मला कळलं की त्यांच्या अंगठ्याला नवं काही कळलं नव्हतं.

“छान,” त्या म्हणाल्या. त्यांनी खिशातून दातकोरणी काढली. “फामुई म्हातारीचा शेवटचा तुरा आहे. या पोरीच्या निळ्यावर तिचं निळं देऊ. थावॉन, ती टोपली इकडे आण. थोंगबाय, पट्टी आणि पेन्सिल आण.”

थावॉनने फामुईची टोपली आणून शेजारी टांगली. तीन निळी फुलं आणि एक केशरी, हातभर अंतरावर, आणि मधे त्यांचा हात, हातात दातकोरणी. मी त्यांचं मनगट धरलेलंच होतं. किती सोपं होतं! हलकेच वळवलं असतं तर आज पराग पडले नसते. टोपी उचलली गेली असती, गोळे चिकटले असते, बरोबर खळीत बसले असते, सासूबाईंच्याच हातचं काम म्हणून. मग मी पट्टीवर लिहिलं असतं, निळी आई. म्हणजे आणखी एक खोटं, पेन्सिलीने, आणि आणखी सहा वर्षं. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. फामुई उद्याचा उन्हाळा पाहणार नाही. तीन फुलांतले पराग एकदा वाया गेले की डोंगरातलं ते निळं आमच्या घरातून कायमचं गेलं. आणि बरोबर बसले तरी ज्या बाईने हे सगळं मला शिकवलं तिला शेवटपर्यंत कळणार नाही की आपल्या बागेत नक्की काय फुललंय. मी मनगट सोडलं. माझ्या लक्षात आलं की गेल्या सहा वर्षांत मी ते पहिल्यांदाच मधे सोडलं होतं.

हात हवेत तसाच राहिला. त्यांनी तो पुढेही नेला नाही, मागेही घेतला नाही.

“थोंगबाय,” त्या म्हणाल्या, “ही दोघं लहानपणापासून खोटं बोलायला कच्ची. पट्ट्या सगळ्या तू लिहिल्यास. तू सांग. रंग कोणता आहे?”

“वहिनी...” रंफा म्हणाली.

“तू गप्प बस गं. तिला विचारलंय.”

कालव्यातून एक होडी गेली आणि तिच्या लाटा चरातल्या पाण्यापर्यंत येऊन थांबल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे माझ्या कानाच्या जरा बाजूला, जाळीच्या खांबावर लागलेले होते, आणि त्या वाट पाहत होत्या, मुळं हिरवी होईपर्यंत थांबतात तशा.

“केशरी आहे, आई,” मी म्हटलं. “सगळी केशरीच निघतील. फामुईचे पराग त्या दिवशी कोळशावर पडले. मी पाहिले आणि खोटी पट्टी लिहिली. तुम्ही पाहिले नाहीत, कारण तुम्हाला दिसत नाही. तेव्हाही नीट दिसत नव्हतं. आता काहीच दिसत नाही, आई.”